चौदाचे वीस

निनाद हे लिहिणारच नव्हता, कारण यात खोटारडा तोच आहे.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्याचा रूममेट जय त्यांच्या सरस्वतीपुरमच्या खोलीत पलंगाच्या कडेला बसून पाय झुलवायचा. दिवसभर ऑफिसात दमलेला निनाद त्याच्या नडगीला मोबाईल बांधायचा आणि व्हिडिओ बघून शिकलेलं साइनचं सूत्र त्या झुलण्याला बसवायचा. मग पडद्यावर झुलण्याची लाट उमटायची; लाट जितकी उंच, तितका पाय मोकळा. पण दोन आठवडे लाट चौदा अंशांवरच अडलेली. जयचा उतरलेला चेहरा बघायचंही निनादला आता त्राण नव्हतं, म्हणून आज त्याने सूत्रात चौदाच्या जागी वीस टाकले.

"वीस? मग सोमवारी कामावर जायला हेब्बाळची बस पकडतो!" म्हणत जय काठी न घेताच उठला आणि डगमगला.

निनादने त्याला धरून बसवलं.

"चौदाच आहे रे. वीस मी टाकले."

"अय्यो, पडलो असतो की गाढवा!"

"हो."

"मला बरं वाटावं म्हणून?"

"मलाच. कंटाळलो होतो."

जयने गुडघा चोळला. मग त्याने पाय पुढे केला. "बांध परत."

मोबाईल बांधता बांधता निनाद म्हणाला, "यापुढे येईल तीच लाट दाखवीन, जय. सपाट आली तरी."