दशरथच्या छपरावरची वायर

माझ्या बायकोला, कमळला, रिकामी दोरी बघवत नाही. आमच्या खारदांड्यातल्या कुठल्याच कोळणीला बघवत नाही. वायर बसवणाऱ्याला हे मी आधीच सांगायला हवं होतं, पण त्या दिवशी माझं सगळं लक्ष दशरथवर डोळे वटारण्यात होतं.

झालं असं की आमच्या मुलीची, कल्पिताची, नोकरीची शेवटची मुलाखत शुक्रवारी अकराला होती, तीही व्हिडिओवर. आमच्या घरात मोबाइलला रेंज नाही. ती येते धक्क्यावर, बर्फ फोडायच्या मशीनशेजारी, आणि तिथे स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही. म्हणून वायरचं इंटरनेट घ्यायचं ठरलं. एका कंपनीने गल्ली अरुंद म्हणून हात वर केले. दुसरीने सहा महिन्यांचे पैसे आगाऊ मागितले. तेवढ्या पैशांत माझं नवं जाळं झालं असतं. कुरकुरत दिले. मग कळलं, वायर दशरथच्या छपरावरून आणावी लागेल.

दशरथ माझा शेजारी. पूर्वी आम्हा दोघांची मिळून एक होडी होती, ‘जयमाला’. इंजिन कुणी जाळलं यावरून भांडलो, होडी विकली, आणि आठ वर्षं एकमेकांशी बोललो नाही. इंजिन त्यानेच जाळलं होतं. त्याच्या दारात मी काही जाणार नव्हतो. कमळ ताटभर कोलंबी घेऊन गेली आणि परवानगी घेऊन आली. कोलंबी त्याने ठेवून घेतली, याचा मला जास्त राग आला.

गुरुवारी कमळ बाजारात असताना वायर लागली. कल्पिताने मैत्रिणीला व्हिडिओ लावून बघितला, झकास चालला.

शुक्रवारी साडेदहाला इंटरनेट बंद. कल्पिता धक्क्यावर पळत जाऊन कंपनीला फोन करून आली. माणूस सोमवारी येईल म्हणाले. ती रडली नाही, नुसती इस्त्रीचा ड्रेस सांभाळत पलंगावर बसून राहिली. मला ते सहन होईना. वायर दशरथनेच कापली, दुसरं कोण? मी बाह्या सरसावून बाहेर पडलो.

दशरथ आधीच अंगणात उभा होता, मान वर करून. मीही वर बघितलं. वायरवर बोंबील वाळत होते. दोन-दोनांचे जबडे एकमेकांत अडकवून, शिस्तीत, माझ्या दारापासून त्याच्या छपरापर्यंत. वजनाने वायर पत्र्याच्या कडेवर दुमडून आतून मोडली होती.

कमळ टोपली घेऊन मागे आली. “मला वाटलं तुम्हीच नवी दोरी बांधलीत,” ती म्हणाली. “एवढे पैसे घेतात, वायर जरा जाड नको?”

आता भांडू तरी कुणाशी? पावणेअकरा झाले होते. दशरथ माझ्याकडे न बघता कल्पिताला म्हणाला, “पोरी, माझ्याकडे चल. दोन वर्षं नेट आहे माझ्याकडे.”

काखेत कळसा नि गावाला वळसा. पण विचारायचं तर आधी बोलावं लागलं असतं.

त्याच्या घरात कल्पिताने लॅपटॉप उघडून पासवर्ड विचारला. दशरथ खुर्चीवरची धूळ झटकत राहिला. तिने पुन्हा विचारला. अकराला तीन मिनिटं होती.

“काका, वेळ नाही.”

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. “जयमाला,” तो म्हणाला.

आठ वर्षं मी ते नाव घरात काढू दिलं नव्हतं, आणि हा दोन वर्षं त्याच नावावर घर चालवत होता.

मुलाखत सुरू झाली तसे आम्ही बाहेर आलो. नोकरी लागल्याचं सोमवारी कळलं, वायरवाला आला त्याच दिवशी. पण त्या वेळी आत कल्पिता न अडखळता उत्तरं देत होती, एवढंच मला पुरे होतं. मी माझ्या टोकाकडून बोंबील उतरवायला लागलो. जरा वेळाने तो त्याच्या टोकाकडून लागला. मध्यावर आम्ही समोरासमोर आलो.

“इंजिनात ऑइल घालायला मी विसरलो होतो,” मी म्हणालो.

“माहीत आहे,” दशरथ म्हणाला. “हळू बोल. आत मुलाखत चाललीय.”