निपाणीच्या काचेवरचा मंगलकलश

मित्रांनो, माझ्याकडे बघणारा प्रत्येक जण माझ्या पलीकडेच बघतो. लुगड्याचा काठ बघतो, खणाची नक्षी बघतो. मला कुणी बघत नाही. मी निपाणीच्या पेठेतल्या पारिसाआण्णांच्या कापडदुकानाची एक जुनी काच आहे. पण एक दिवस असा उजाडला की सगळी पेठ माझ्याकडेच बघत राहिली. त्या दिवसाचा धसका अजून माझ्या अंगात आहे.

माझा जन्म भट्टीतला. वाळूचा रस झाला, रसाची मी झाले. बोटीतून आले, आगगाडीतून आले, बेळगाव स्टेशनात उतरले. तिथून गवतात गुंडाळून बैलगाडीने निपाणी. वाटेत खड्डा आला की गाडीवान मलाच दम द्यायचा, "फुटशील तर बघ!"

मी बसले आणि दुकानात ऊन आलं. मग आण्णांनी बेळगुंदीच्या भरमाला बोलावलं. सोनेरी, तांबडा कागद कातरून दुकानांच्या काचांवर चित्रं डकवावीत ती भरमानंच.

"मंगलकलश कर," आण्णा म्हणाले. "बाहेरच्या अंगानं. पर पावसात हलला तर मला तोंड दाखवू नगंस."

"आण्णा, उद्या भिंत पडंल, पर ह्यो कलश जाग्याला ऱ्हाईल!"

भरमानं मला राखेनं घासलं, पुसलं. कागदाच्या पाठीला डब्यातलं काहीतरी ऊन ऊन फासलं, कलश माझ्या छातीशी लावला आणि फडकं गुंडाळलेल्या पट्टीनं मधून कडेला सारत एकेक बुडबुडा बाहेर काढला. वरून अळशीच्या तेलाचा हात दिला. त्या डब्यात काय आहे, ते आण्णांनी विचारलं नाही. भरमानं सांगितलं नाही.

आण्णांची आई ब्राह्मीआक्का सत्तरीच्या. रोज सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, देवदर्शन करून त्या घराकडे निघत, वाटेत दुकानाशी थांबत, कलशाला बोटं लावत, तीच बोटं कपाळाला नेत आणि पुटपुटत,

कलशाच्या काठी हात ठेविते सकाळी,
औक्ष मागते गं माझ्या पारिसाच्या भाळी.

त्यांचा हात म्हणजे वाळलेलं पिंपळपान. पण त्याची ऊब मला दिवसभर पुरायची. असे चार पावसाळे गेले. कलशाचा कोपरासुद्धा सुटला नाही.

पाचव्या वर्षी आण्णांनी माझ्या शेजारी दुसरी काच बसवली. तिच्यावर कमळ डकवायला भरमा पुन्हा आला. पायरीपाशी शेगडी पेटवून त्यानं डबा तापत ठेवला. आक्का नुकत्याच माझ्या कलशाला हात लावून वळल्या होत्या. त्यांचं नाक आक्रसलं.

"वास कसला रं ह्यो, भरमा?"

"सरस हाय, आक्का!" भरमा कौतुकानं म्हणाला. "कातडं न् हाडं उकळून काढत्यात. लई चिवट. म्हणून तर तुमचा कलश चार वर्सं हलला न्हाय!"

मित्रांनो, पेठेतली माणसं हातातलं काम टाकून माझ्याकडे बघायला लागली.

ज्या घरात पाणीसुद्धा गाळून पितात, मुंगी चुकवून पाऊल टाकतात, त्या घरची ती म्हातारी आपल्या बोटांकडे बघत उभी राहिली. तीच बोटं. चार वर्षं, रोज, कपाळाला. "अय्यो," एवढंच त्या म्हणाल्या.  चार वर्षं मी काय छातीशी धरून बसले होते!

"तुला शुद्ध न्हाय काय रं!" आण्णा कडाडले.

भरमानं पट्टी खाली ठेवली. "आण्णा, मला काय ठावं? आमच्यात सरस म्हंजे सरस. तुमी म्हनला, हलू नगं. येवढंच म्हनला."

आण्णांनी मापाचा लोखंडी गज उचलला आणि ते माझ्यावर धावून आले. "फोडूनच टाकतो!"

"थांब!" आक्कांनी हात आडवा घातला. "फोडून पाप धुतंय व्हय? चार पोरांच्या पायात काचा जातील, ते वेगळंच. त्यानं सांगितलं न्हाय, पर तू इचारलंस का, पारिसा?"

आण्णांचा गज खाली आला.

"ह्यो कलश उतरंस्तवर माझ्या तोंडात पाण्याचा थेंब न्हाय," म्हणून आक्का पायरीवर बसल्या.

दिवस बुडाल्यावर त्या अन्नपाणी घेत नसत. म्हणजे बुडायच्या आत कलश निघाला तर निघाला, नाहीतर ती रात्रही कोरडीच. त्या वयात, आणि उन्हाळा ऐन भरातला!

आण्णांनी उकळत्या पाण्याचं घंगाळ आणलं. भरमानं ते दोन्ही हातांनी अडवलं. "कडकडीत पानी वतलं तर ही तडकंल, आण्णा. कोमट पाहिजे. धीर धराया पाहिजे." मग गाळलेल्या कोमट पाण्यात फडकी भिजवून ते दोघे माझ्यावर थापत राहिले. फडकं गार झालं की दुसरं. दुपार टळली तरी कलश ढिम्म. चांगलं काम केल्याचा एवढा पश्चात्ताप भरमाला कधी झाला नसेल. आक्कांचे ओठ सुकले, मान कलायला लागली. मी कधी नव्हे ते मनात म्हणाले, सुट रे बाबा, सुट!

सूर्य समोरच्या कौलांना टेकला, तेव्हा एक कोपरा उचलला. भरमानं नखानं धरून, श्वास रोखून, हळू हळू ओढलं. सोनं उतरत गेलं. आण्णांनी मला सात पाण्यांनी धुतलं आणि ओल्या हातांनीच आईच्या ओठांना तांब्या लावला.

दुसऱ्या दिवशी आक्कांनी स्वतः चुलीवर गव्हाची खळ शिजवली आणि भरमापुढे ठेवली. "हिनं नवा कलश लाव, लेकरा."

"आक्का, ही पावसात सुटंल."

"सुटू दे की. तू परत ये."

तो दर वर्षी येत राहिला.

आता सत्तेचाळीस साल आहे. आक्का नाहीत. पेठेत जो तो काचांवर तिरंगी कागद डकवतो आहे आणि आण्णा प्रत्येकाला आधी विचारतात, "खळ कशाची, रं?" मित्रांनो, तुम्हीही विचारत चला. आणि काही उतरवायचंच झालं तर आधी भिजवा, मग सोडवा, ओरबाडू नका.

पहिल्या कलशाखालची माझी कातडी चार वर्षं उन्हापासून झाकलेली होती. खळीचा कलश पावसात सुटून जातो, मग थंडीच्या सकाळी माझ्यावर दंव धरतं तेव्हा त्या पहिल्या कलशाएवढा आकार कोरा राहतो. आण्णा इकडेतिकडे बघतात, आणि आईची बोटं जिथे टेकायची तिथे हळूच आपली बोटं टेकवतात.