वाटाड्या जिवंत होता

दादाचं चष्म्याचं दुकान होतं. पुढे काउंटर आणि फ्रेमांची कपाटं, मागे भिंगं घासायचं यंत्र, आणि वरच्या दोन खोल्यांत तो एकटा राहायचा. लग्न राहून गेलं ते गेलंच. त्याला दादा म्हणणारं माणूस एकच, धाकटा भाऊ. तो वीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी लांबच्या शहरात गेला आणि तिथलाच झाला. दर रविवारी सकाळी फोन व्हायचा. तब्येत, मुलांच्या परीक्षा, हवा. पाच मिनिटांत विषय आटपायचे.

लहानपणी असं नव्हतं. दोघांनी मिळून एक साहसपट सात वेळा पाहिला होता. डोंगरात अडकलेली नकाशे काढणाऱ्यांची तुकडी आणि त्यांना बाहेर काढणारा वाटाड्या. शेवटी सगळे दोरांच्या पुलावरून पार होतात, पूल तुटतो, आणि वाटाड्या एकटा मागे राहतो. धुकं येतं, सिनेमा संपतो.

"तो मेला," दादाचं म्हणणं.

"मेलेला दाखवला का? मग आहे जिवंत," धाकट्याचं म्हणणं.

यावरून एकदा इतकी जुंपली की तीन दिवस अबोला. एकाच खोलीत झोपायचं आणि बोलायचं नाही, म्हणजे केवढं कष्टाचं काम!

तीस वर्षांनी त्या सिनेमाचा दुसरा भाग आला. शनिवारी दुपारी दादाने दुकानाला कुलूप लावलं आणि थिएटर गाठलं. अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या होत्या. शेजारच्या खुर्चीवर त्याने आपली पिशवी ठेवली.

पडद्यावर वाटाड्या आला. केस पांढरे, पण चांगला धडधाकट. "हरलो लेका," दादा पुटपुटला. हरल्याचा त्याला कोण आनंद झाला!

पुढे मात्र मन मागच्या सिनेमाकडे धावू लागलं. तिथे एकच पूल होता, आणि तो तुटेपर्यंत जीव नुसता टांगणीला लागायचा. इथे पहिल्या तासात तीन पूल कोसळले आणि कुणाचा भांगसुद्धा विस्कटला नाही. तिथे चार माणसं एका बाटलीतलं पाणी एक शब्द न बोलता पुरवून पुरवून पितात. इथे दरीवर लोंबकळतानाही यांची थट्टामस्करी चालूच. एक प्रसंग मात्र झकास होता. म्हातारा वाटाड्या नकाशा हात लांब करून धरतो, जवळ आणतो, पुन्हा लांब नेतो, तरी अक्षर लागत नाही. दादा खो खो हसला आणि सवयीने शेजारी वळला. तिथे पिशवी होती.

घरी येऊन त्याने सगळे मुद्दे एका कागदावर लिहून काढले. अकरा झाले. रविवारी सकाळी फोन वाजायची वाट न बघता त्यानेच लावला.

"अरे, पाहिलास का दुसरा भाग?"

"हो, शुक्रवारीच गेलो पोरांना घेऊन. पहिला भाग त्यांना आदल्या दिवशी घरीच दाखवला. येताना गाडीत नुसता दंगा! धाकटीला दुसरा आवडला, थोरला म्हणतो पहिल्याची सर नाही. घर आलं तरी भांडण मिटेना."

"आणि तुला?"

"बरा होता रे. बोलून बोलून आता कंटाळाच आला त्याचा."

दादाने कागदाची घडी घातली. "बरं, पण तू जिंकलास हं."

"काय जिंकलो?"

"वाटाड्या. जिवंत आहे म्हणायचास ना तू?"

"मी? असं म्हणायचो?" धाकटा हसला. "काय पण लक्षात ठेवतोस दादा! थांब हं, दारात कुणीतरी आलंय. तब्येत बरी ना?"

"बरी आहे," दादा म्हणाला.

तीन दिवसांनी निवृत्त झालेल्या एक शिक्षिकाबाई नवा चष्मा न्यायला आल्या. काडी कानामागे नीट बसवत असताना त्या म्हणाल्या, "परवा भाचीने तो डोंगराचा सिनेमा दाखवला. पहिला भाग पाहिलेला नव्हता, त्यामुळे अर्धं डोक्यावरून गेलं."

दादाचा हात थांबला. मग त्याने पहिला भाग सांगायला घेतला. पाण्याची बाटली, पूल, धुकं, सगळं. बाई ऐकत राहिल्या, मध्येच प्रश्न विचारत राहिल्या.

"तरी मला हाच आवडला," शेवटी त्या ठासून म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी माणूस परत येतो, हे काय थोडं झालं?"

"अहो, पण ते पूल? पत्त्यांच्या घरासारखे पडतात!"

"पडू देत की. तुम्ही पूल बघत बसलात, मी माणूस बघितला."

"असं कसं बाई? पूलच खोटा वाटला, तर माणसाची काळजी कशी वाटणार?"

"मला वाटली बुवा. रडलेसुद्धा."

अर्धा तास गेला. कुणीच मागे हटलं नाही. दादाचे कान गरम झाले होते आणि फार दिवसांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं. मग बाईंनी घड्याळ पाहिलं, चष्मा डोळ्यांवर ठेवून समोरची पाटी वाचली आणि समाधानाने उठल्या.

"छान बसलाय. आता परत कधी दाखवायचा?"

"आता वर्षभर बघायला नको," दादा म्हणाला. प्रत्येक गिऱ्हाइकाला तो हेच सांगायचा.

त्या कोपऱ्यावरून वळून दिसेनाशा झाल्यावर त्याला सुचलं. नव्या फ्रेमचे स्क्रू ढिले होतात, पंधरा दिवसांनी एकदा येऊन जा, असं म्हणता आलं असतं.