इलॅस्टिकवर टांगलेली हार्ड डिस्क

मित्रांनो, माझं वय झालंय, पण बडबड करायची हौस काही गेलेली नाही. मी एका कॉम्प्युटरची जुनी हार्ड डिस्क. माझ्या पोटात चकचकीत तबकड्या गरगर फिरतात आणि तुम्ही दिलेलं सगळं जपून ठेवतात. कारखान्यात तपासणी झाली तेव्हा मी शहाण्यासारखी वागले होते. पण इथे मला पत्र्याच्या पेटीत स्क्रूंनी करकचून आवळलं आणि माझी थरथर पेटीभर पसरली. घूंऽऽ! गोंगाट करायची पेटी, बोल लागायचा मला.

या घरातल्या मामी माझ्या पेटीशेजारी बसून अंध वाचकांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. मामा शिंपी. मामींची निम्मी कादंबरी माझ्यात साठवून झाली, नमुना ग्रंथालयात गेला आणि तिथून फोन आला.

"मामी, वाचता छान, पण मागे गिरणी चालू असते का? असा आवाज राहिला तर पुस्तक घेता येणार नाही."

मामींचा चेहरा पडला. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अगं, त्यात काय, रजई शिवतो त्या पेटीला," मामा म्हणाले. शिवलीसुद्धा, चांगला कापूस ठासून. आवाज खरंच कमी झाला, पण माझा जीव कासावीस. उकडून उकडून मी चालता चालता बंदच पडले.

"अहो, तापलीये ती. काढा आधी ते पांघरूण," मामी घाबरून म्हणाल्या. "माझं वाचलेलं गेलं तर तो सूर पुन्हा कुठून आणू?"

रजई निघाली. गार झाल्यावर मी हळूहळू फिरू लागले. अक्षर न् अक्षर जागेवर होतं. मामींनी लगेच दुसरी प्रत काढून ठेवली आणि मला ते मनापासून पटलं.

मामा पेटीवर हात ठेवून बराच वेळ बसले. "हिची थरथर पत्र्याला लागतेय," ते म्हणाले. मग त्यांनी स्क्रू काढले आणि पायजम्याच्या रुंद इलॅस्टिकवर मला पेटीत अधांतरी टांगलं. पंख्याचा वारा मोकळा ठेवला.

"मशीनलासुद्धा पायजमा शिवलात की," मामी हसल्या. घूं मात्र थांबलं होतं.

आधीचा भाग ऐकत मामींनी तो त्याच सुरात पुन्हा वाचला आणि कादंबरी पूर्ण झाली. एके दिवशी ती ऐकणाऱ्या एका बाईंचा फोन आला. "मामी, कादंबरीतलं आईचं पत्र वाचताना तुम्ही थांबलात. तुमचा आवंढा मला ऐकू आला. मीही तिथेच रडले."

म्हणून सांगते मित्रांनो, यंत्र कुरकुरलं तर त्याचं तोंड दाबू नका. कुठे आवळलंय ते बघा, जरा सैल करा, वारा लागू द्या. आमचा आवाज थांबला की माणसाचा आवंढासुद्धा माणसापर्यंत पोचतो.