कोठारातली जास्तीची बी

मी फणसाच्या लाकडाचा, डाकोन नावाच्या बियांच्या खेळाचा एक जुना पट आहे, मित्रांनो. जावातल्या एका घराच्या ओसरीवर माझं आयुष्य गेलं. कार्सो सुताराने मला कोरलं, तेव्हा तो प्रत्येक खळग्यात कोंबडीचं अंडं बसवून बघायचा. समोरासमोरची घरं सारखीच हवीत, हा त्याचा हट्ट. दोन टोकांना दोन खेळाडूंची कोठारं. एका घरातल्या चिकूच्या बिया उचलायच्या आणि पटावर गोल फिरत पुढच्या घरांत एकेक टाकत जायचं; स्वतःच्या कोठारातही एकच. शेवटची बी आपल्या रिकाम्या घरात पडली, तर समोरच्या घरातल्या सगळ्या बिया आपल्या. शेवटी ज्याच्या कोठारात जास्त बिया, तो जिंकला.

घरं सारखी करणं सुताराच्या हातात होतं. मुलांच्या मनात हा सारखेपणा कोण कोरतं, याचं मला फार कुतूहल. अगदी लहान मुलं बिया तोंडात घालतात. जरा मोठी झाली की नियम आभाळातून पडल्यासारखे पाळतात. पुढे त्यांना दुसऱ्याची लबाडी चटकन दिसू लागते, स्वतःची दिसत नाही. आणि मग एखाद्या दिवशी काहीतरी वेगळंच घडतं.

ईदच्या आदल्या दिवशी छोटा जालू आणि त्याची थोरली चुलतबहीण निंग्रुम खेळायला बसले. संध्याकाळच्या मिरवणुकीसाठी घरात कागदी कंदील एकच होता. जो जिंकेल तो कंदील धरणार, असं ठरलं.

"टाक लवकर, गोगलगायी!" निंग्रुम म्हणाली.

"थांब ना म्बाक," जालू म्हणाला. थोरल्या बहिणीला तिथे म्बाक म्हणतात. "घाई केली की तूच जिंकतेस."

शेवटी निंग्रुमने मूठ भरली आणि आपल्या कोठारात हळूच दोन बिया टाकल्या. त्यामुळे तिची शेवटची बी नेमकी तिच्या रिकाम्या घरात पडली. समोरचं जालूचं भरलेलं घर तिला मिळालं. ती जिंकली.

जालूला काहीच दिसलं नव्हतं. "काय खेळतेस तू! मला पण शिकव," तो म्हणाला आणि खाली मान घालून बिया गोळा करू लागला.

निंग्रुम पाय धुवायला ओसरीसमोरच्या विहिरीवर गेली. ती परतली, तेव्हा तिचे पाय कोरडेच होते.

"मांड पुन्हा."

"का? संपला की डाव!"

"कोठारात मी दोन टाकल्या होत्या."

"दोन? म्हणजे लबाड आहेस तू!"

"हो, आहे. मांड आता."

पुन्हा खेळले, आणि जालू जिंकला. मिरवणुकीत कंदील त्याच्या हातात होता. निंग्रुम मागून तोंड फुगवून चालली होती. बरं वागलं की लगेच बरं वाटतंच असं नाही, हे मला तेव्हा कळलं. विहिरीवर तिला कोणी काही बोललं नव्हतं, कारण तिथे कोणी नव्हतंच. मग काय झालं? मी अजून विचार करतो आहे.

आता माझ्या घरांत मिरच्या वाळत असतात. मित्रांनो, तुमच्याकडे असा एखादा पट असेल, तर तो पुसून ओसरीवर ठेवा. आणि खेळताना कोणी लबाडी केली, तर लगेच अंगावर धावून जाऊ नका. त्याला विहिरीपर्यंत जाऊन येऊ द्या.