विमानात न बसलेली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. सुरतेत पर्वत पाटियाजवळच्या रिकाम्या खोलीत बसले आहे आणि फार रागावले आहे.

अमळनेरच्या बाजारात एका कारागिराने मला ठोकून घडवले. निंबा आणि कलाबाई या नव्या जोडप्याने मला विकत घेऊन रेल्वेने सुरतेला आणले. निंबा कापड विणायच्या लूमवर कामाला लागला. माझ्या पोटात कपडे असत, आणि सगळ्यात वर, लाल फडक्यात, कानबाईचे नारळ. आम्हा खानदेशी माणसांकडे श्रावणातल्या रविवारी कानबाई देवी बसते; नारळ हेच तिचे रूप. तिचे हे जुने नारळ सासूने कलाबाईच्या ओटीत घातले होते. ते माझ्यात ठेवताना कलाबाई मला थोपटून म्हणाली होती, "जठे आम्ही, तठे तू."

मी तो शब्द खरा मानला. लॉकडाउनमध्ये गाड्या बंद झाल्या, तेव्हा ट्रकमधून गावी गेले. लेक हर्षदा भावनगरला बाळंत झाली, तेव्हा हजिऱ्याच्या बंदरातून बोटीत बसले. खाऱ्या वाऱ्याने माझी कडी गंजली, पण नारळांना थेंब लागू दिला नाही.

मग मुलगा धर्मेंद्र गोव्याला नोकरीला लागला आणि आईवडिलांना कायमचे न्यायला आला. तेही विमानाने!

"मम्मी, हाई पेटी इमानमा चालत नही. लोक हसतीन."

गोव्याला रेल्वे जाते, बसही जाते. कुणालाच आठवले नाही. कलाबाईने नारळ काढून चाकांच्या चकचकीत बॅगेत ठेवले. माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. गरज सरो, वैद्य मरो!

त्यांना विमानतळावर पोचवायला गेलेली शेजारीण उज्ज्वला दुपारी नारळ घेऊनच परतली. सुके नारळ विमानात नेऊ देत नाहीत, हे त्यांच्यापैकी कुणाला ठाऊकच नव्हते. तिने ते माझ्यात ठेवले. खरे सांगते, मला आनंद झाला. माझ्यासाठी नाही, तरी कानबाईसाठी येतीलच की!

श्रावण लागला. उज्ज्वलाने माझ्याजवळ बसून फोन लावला, "काकू, कानबाईले लेवाले कव्हय येशात?"

पलीकडून कलाबाई म्हणाली, "आठे नवं नारळ मांडसूत. तिले पेटीमाच राहू दे, माय."

नवी बॅग, नवे नारळ! मला टाकले ते मी सोसले असते. पण हिलाही?

मित्रांनो, तुम्हीही कधी विमानाने समुद्रकाठी जाल. जरूर जा. पण ज्याला तुम्ही "जठे आम्ही, तठे तू" म्हटले असेल, त्याला असे अंधारात ठेवून जाऊ नका.

कानबाई, तू भिऊ नकोस. माझी कडी गंजली आहे, पण अजून घट्ट लागते.