चकचकीत प्लेट

सेल मेला तो सकाळी साडेदहाला, चहाच्या आधी. म्हणजे चहाही गेला.

भट्टीत तापवून वीज काढायच्या सेलांपैकी लागोपाठचा हा तिसरा. सेलचे इलेक्ट्रोड जो करायचा, त्याला सगळे खापऱ्या म्हणत, कारण त्याचा माल भाजलेल्या मातीसारखा. साहेबांनी बजावलं होतं, "आणखी एक मेला, की तू घरी." सेलवर बसणारी पोलादी प्लेट करायचे त्याचे भावजी, थोरल्या बहिणीचे यजमान. दर वेळी खापर खापऱ्यावर फोडणारेही तेच.

"तुझी मातीच कच्ची रे," भावजी म्हणाले. "पोलाद कधी कुणाचा जीव घेतं का?"

खापऱ्याने छिन्नी लावून गार झालेला सेल उघडला. हवेच्या बाजूच्या इलेक्ट्रोडवर हिरवट पट्टे होते, बरोबर प्लेटच्या कंगोऱ्यांखाली. आठशे अंशांच्या हवेत उघड्या पोलादातलं क्रोमियम वाफ होऊन सुटतं आणि इलेक्ट्रोडच्या छिद्रांत ठाण मांडतं. मग त्याचा श्वास कोंडतो. म्हणून तर प्लेटला काळा लेप देतात.

"भावजी, लेप कुठाय?"

"ती काजळी होय? घासली! साहेब बघायला येतात, प्लेट कशी आरशासारखी हवी."

"तिन्ही?"

"मी अर्धवट काम करत नाही."

पहिला फटका खापऱ्याच्या पान्याचा, भावजींच्या जबड्यावर. दोन दात नटबोल्टांच्या ट्रेमध्ये पडले आणि तिथे शोभूनही दिसले. भावजींनी छिन्नी उचलून मेहुण्याच्या खांद्यात घुसवली. हाताला सफाई होतीच. खापऱ्याने तो उजवा हात धरून टेबलावरच्या व्हाइसच्या पकडीत घातला आणि ती आवळायचा दांडा फिरवला. ताईचा विचार त्याच्या मनात आला, पण तिसऱ्या फेऱ्यानंतर. तोवर बोटं कच्च्या मातीसारखी फुटली होती.

आवाज ऐकून साहेब धावत आले.

"साहेब, लेप यांनीच घासला," खांदा दाबत खापऱ्या ओरडला. "आत्ता स्वतःच्या तोंडाने बोलले. विचारा!"

साहेबांनी प्लेट उलटीपालटी करून पाहिली. दोनशे तास भट्टीत राहिलेली प्लेट घासलेली असो वा नसो, नुसत्या डोळ्यांना सारखीच करपलेली दिसते.

भावजींना आता बोलायला जबडा नव्हता, लिहायला हात नव्हता.

"तुम्ही घासलात का हो?" साहेबांनी विचारलं.

मान तेवढी शाबूत होती. भावजींनी ती सावकाश, दोनदा, आडवी हलवली.